चंद्रसूर्य असेपर्यंत, पण अटींवर

दिवाळीत दोन पुतणे, एक जावई आणि मी असे चौघे ओट्यावर बसलो होतो. विषय निघाला शेताचा. दुसरबीडच्या शिवारात आमचे एक लहानसे शेत आहे, घरात त्याला अजूनही 'दिव्याचे शेत' म्हणतात. देवळात सांजसकाळ तेलाचा दिवा लावावा म्हणून ते माझ्या पणजोबांना मिळाले होते. समृद्धी महामार्ग झाल्यापासून आमच्या भागात जमिनीला भाव आला, तेव्हा आता वाटण्या करून टाका असे मुलांचे म्हणणे. धाकटा पुतण्या म्हणाला, "काका, देवाच्या नावानं दिलं म्हणजे आपल्यालाच दिलं ना? दान ते दान. त्याला कसल्या आल्या अटी?"

मी गप्प बसलो. जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला ते शोभले नाही, म्हणून हा लेख. नातेवाईक मंडळी इथे वाचतात हे मला ठाऊक आहे. त्यांनी रागावू नये.

खरे तर त्या पोराची चूक नाही. मीच वर्गात तसे शिकवत आलो. "राजा धार्मिक होता, त्याने ब्राह्मणांना गावे दान दिली." एक वाक्य, एका गुणाचा प्रश्न, आणि पुढचा धडा. निवृत्तीनंतर वा. वि. मिराशींचे वाकाटकांवरचे पुस्तक सावकाश वाचले, तेव्हा त्या एका वाक्यात मी काय काय गिळून टाकले होते ते कळले.

वाकाटक म्हणजे आपल्याच घरचे राजे. पहिल्या प्रवरसेनाने चार अश्वमेध केले, सम्राट म्हणवून घेतले. त्याच्या मागे राज्याची वाटणी झाली. एक पाती नंदिवर्धनला, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनला. दुसरी वत्सगुल्मला, म्हणजे आपल्या वाशीमला. मेहकर, रिसोड ओलांडले की वाशीम, आपण लग्नकार्याला जातो तेवढे जवळ! भाऊबंद शेजारी राज्य करतात, त्यात दक्षिणेला आणि पूर्वेला दुसरे राजे टपलेले. अशा वेळी पाचव्या शतकात नंदिवर्धन शाखेच्या दुसऱ्या प्रवरसेनाने आपल्या अठराव्या राज्यवर्षी अचलपूरजवळचे चर्माङ्क, आजचे चम्मक, हे गाव एक हजार ब्राह्मणांना दिले. आठ हजार भूमी, तेव्हाच्या राजमापाने. ताम्रपटात नावे मात्र एकोणपन्नासच आहेत. उरलेल्या साडेनऊशेंचे काय, असा प्रश्न माझ्यातल्या मास्तराला हजेरीपटाच्या सवयीने पडतोच... असो.

आधी सवलती वाचा. गावात राजाचे शिपाई शिरणार नाहीत. गावाने गायीबैल, फुले, दूध द्यायचे नाही. चारा, कातडी, कोळसा द्यायचा नाही. मीठ खणण्याचा हक्क राजाने सोडला, वेठबिगार माफ, जमिनीत पुरलेले धन सापडले तर तेही गावाचे. या यादीवरून बाकीच्या गावांना काय काय द्यावे लागत असेल ते उमगते. दानपत्र वाचावे ते असे, उलट्या बाजूने.

आणि मग येतात अटी. ही जमीन चंद्रसूर्य असेपर्यंत यांचीच, पण केव्हा? तर त्यांनी राज्याशी द्रोह केला नाही, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार केला नाही, राजाला विषप्रयोग केला नाही, युद्ध केले नाही, दुसऱ्या गावांना उपद्रव दिला नाही, तर. याविरुद्ध कोणी वागले किंवा वागणाऱ्याला नुसती संमती दिली, तर राजाने जमीन काढून घेतली तरी ती चोरी ठरणार नाही!

हे वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो. वेद म्हणणाऱ्या माणसांकडून युद्ध न करण्याचे वचन कोण घेतो? ज्याला भीती आहे तोच. माझे स्पष्ट मत असे की त्या राजाला आपण कुणाला काय देतो आहोत हे पक्के ठाऊक होते. शिपाई शिरणार नाहीत असे गाव आपल्याच राज्यात निर्माण करायचे, तर त्याची हमीही लिहून घेतली पाहिजे. श्रद्धा होतीच, पण डोळे उघडे होते. आम्ही शिक्षकांनी श्रद्धा तेवढी मुलांना सांगितली.

पुढे नळ वंशाच्या भवदत्तवर्म्याने नंदिवर्धनच घेतले. तिथून दिलेला त्याचा ताम्रपट रिद्धपूरला सापडला. त्यात काय असावे? ब्राह्मणांना जमिनीचे दान! मालक बदलला, रीत तीच. नव्या राजालाही आशीर्वाद हवा होता, आणि गावोगाव आपले नाव घेणारी माणसेही.

बी.ए.ला आम्हाला इंग्लंडचा इतिहास होता, मराठीतून. नॉर्थंब्रिया, मर्सिया, वेसेक्स ही नावे घोकताना जीव जाई. आता कळते की तिकडेही हेच चालले होते. मर्सियाचा राजा पेंडा मूर्तिपूजक, त्याने 642 साली नॉर्थंब्रियाच्या ख्रिस्ती राजा ऑस्वाल्डला लढाईत मारले. ईस्टर कोणत्या दिवशी पाळायचा यावर 664 साली व्हिटबीला सभा भरली, आणि निर्णय दिला तो राजाने, ऑस्विनने... नाही, ऑस्वियूने. (परीक्षेतही माझा हाच घोळ होई.) त्याच्या राणीचे माहेर वेगळ्या रिवाजाचे, त्यामुळे राजाचा सण झाला तरी राणीचा उपास चालू असायचा. आपल्या प्रभावती गुप्तेचीच आठवण येते. ती दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, विष्णुभक्त. तिच्या ताम्रपटात वंशावळ माहेरची. मुलगा दुसरा प्रवरसेन मात्र शिवभक्त.

तिथल्या राजांनीही मठांना जमिनी दिल्या, करमाफ्या दिल्या. मर्सियाच्या एथेलबाल्डने 749 साली चर्चला इतर बोजातून मोकळे केले, पण पूल बांधणे आणि गढ्या राखणे ही कामे सोडली नाहीत. तोही आपल्या प्रवरसेनासारखाच हिशेबी! आणि बीड नावाचा एक साधू होता. (आमच्या गावाच्या नावात अर्धा तो आहे, हा माझा वर्गातला जुना विनोद.) त्याने 734 साली यॉर्कच्या बिशपला पत्र लिहिले. लोक मठाच्या नावाखाली राजाकडून जमिनी लिहून घेतात, बिशपच्या सह्या मिळवतात, आणि तिथे बायकामुलांसह संसार थाटतात. ना प्रार्थना, ना व्रत. लढणाऱ्यांच्या मुलांना द्यायला जमीन उरली नाही, म्हणून ती मुले देश सोडून जातात. हे लिहिणारा स्वतः लहानपणापासून मठात राहिलेला. आपल्याच घरावर बोट ठेवायला छाती लागते. पुढच्या वर्षी तो वारला.

मठाच्या नावाखाली थाटलेला संसार म्हटले, की मला आमचा ओटा दिसतो.

आमच्याकडे मोडीतला एक कागद आहे. मला मोडी तोडकीमोडकी येते, पण 'दिवाबत्ती' हा शब्द स्पष्ट लागतो. आई होती तोवर ती रोज संध्याकाळी तेलाची वाटी घेऊन देवळात जायची, पावसातही, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन. 1994 साली ती गेली. त्यानंतर काही दिवस मी गेलो. मग शाळा, परीक्षा, मुलांचे शिक्षण. देवळात विजेचा बल्ब लागला आणि मला बरेच वाटले, हे आज लिहून टाकतो. शेताचे उत्पन्न मात्र एकही वर्ष चुकले नाही. त्या पैशातूनच या पुतण्यांच्या फिया भरल्या. घेणारा मी, सोडणाराही मीच, आणि अटी कसल्या असे विचारले म्हणून पुतण्यावर डोळे वटारणार कोणत्या तोंडाने?

वाटणीच्या कागदावर मी अजून सही केलेली नाही. मे महिन्यात सगळे गावी येणार आहेत. जाणकाराकडून मोडी कागद देवनागरीत उतरवून घेतो आहे, त्याच्या चार प्रती काढून ठेवीन. तोवर संध्याकाळी वाटी घेऊन जातो. गुडघे दुखतात, पायऱ्या सात आहेत.