पंधरा वर्षे आणि एक उन्हाळा

अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो ड्राय व्हॅलीज म्हणजे जवळपास बर्फाविना पसरलेले गोठलेले वाळवंट. 1903 मध्ये कॅप्टन स्कॉट तिथे पोचले, तेव्हा त्यांना एकही सजीव दिसला नाही. जीव होते ते मातीत. कोरडे पडले की निपचित होणारे आणि ओल मिळताच पुन्हा वळवळणारे सूत्रकृमी.

1993 पासून यांतल्या टेलर खोऱ्यात या मातीची, ओढ्यांची आणि सरोवरांची सलग नोंद होते आहे. 1986 ते 2000 या काळात खोरी थंडावली आणि मातीच्या नोंदींत सूत्रकृमी घटताना दिसले. 2002 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध होताच तापमानवाढ नाकारणाऱ्यांनी त्याचा डंका पिटला. पण 2001-02 च्या उबदार उन्हाळ्यात हिमनद्या वितळून ओढ्यांना पूर आले आणि सरोवरांची घटलेली पातळी एका मोसमात भरून निघाली. त्याचे पडसाद मातीतल्या जीवांमध्ये पुढे कैक वर्षे उमटत राहिले.

नोंदवही मधेच मिटली असती, तर अर्धेच सत्य हाती लागले असते. हा धडा आपल्यालाही लागू आहे. अंटार्क्टिकातले आपले 'मैत्री' संशोधन स्थानकही शिरमाकर भागातल्या बर्फमुक्त खडकांवर उभे आहे आणि त्याची सूत्रे गोव्यातून हलतात. तिथल्या मोहिमांचे कौतुक आपण करतोच. दीर्घकालीन मोजमापांसाठी अखंड निधीचा आग्रहही तितक्याच जोराने धरायला हवा.