पहिला घाणा कुणाचा?

वरणभात घरातल्या सगळ्यांना एका पंगतीत बसून खाता येतो. पुरणपोळी सकाळी केली तरी संध्याकाळी गोडच लागते, आणि शिळ्या भाकरीचे गुण गाणारे तर घरोघरी आहेत. भज्यांचे तसे नाही. कढईतून निघाल्यापासून पाचदहा मिनिटांत खाल्ली तर ती भजी, नाहीतर नुसता तेलकट कांदा. त्यामुळे ज्या घरात भजी होतात त्या घरात एक माणूस कायम पंगतीबाहेर उभा असतो. तो म्हणजे तळणारा. आणि खरे बोलायचे तर बहुतेक घरांत तळणारी.

कुरकुरीत भजी घरी कशी करावीत, हा प्रश्न आजवर पाकशास्त्राचा समजला गेला. माझे म्हणणे असे की, तो निम्मा पाकशास्त्राचा आणि निम्मा घरातल्या कामाच्या वाटणीचा आहे. पहिल्या निम्म्याबद्दल पुस्तकांत पुष्कळ लिहिलेले सापडते. दुसऱ्याबद्दल कुणी बोलत नाही.

आधी पहिला भाग. आम्ही राहतो त्या पट्ट्यात चाकण म्हटले की हल्ली मोटारी आठवतात. पण मोटारींच्या कितीतरी आधीपासून हे गाव कांद्याचे आहे. खेड कृषी उत्पन्न बाजार समितीचा महात्मा फुले बाजार चाकणलाच आहे. नाशिक रस्त्याने थोडे पुढे गेले की राजगुरुनगरला कांदा आणि लसूण यांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था लागते. ती १९९८ मध्ये नाशिकहून इथे आली. भीमा शक्ती, भीमा किरण, भीमा सुपर हे कांद्याचे वाण तिचेच. एका बाजूला गाडीच्या सुट्या भागांचे कंटेनर आणि दुसऱ्या बाजूला कांद्याच्या गोण्यांचे टेंपो, असे दृश्य या एकाच रस्त्यावर दिसते.

ही माहिती सांगण्याचे कारण असे की, भज्यांचे अर्धे रहस्य कांद्याच्या हंगामात आहे. उन्हाळ्यात निघणारा कांदा सुकवून चाळीत साठवतात आणि पावसाळ्यात आपण घेतो तो हाच. तो घट्ट असतो, त्याला पाणी कमी सुटते. खरिपाचा नवा कांदा दिवाळीच्या आगेमागे बाजारात येतो. तो रसाळ असतो, टिकत नाही, आणि मीठ लागले की भराभर पाणी सोडतो. म्हणून पाककृतीतले ‘एक वाटी बेसन’ हे माप आषाढात खरे आणि कार्तिकात खोटे ठरते. बेसन कांद्याला विचारून घालायचे असते.

ते विचारायचे कसे? चार मध्यम कांदे उभे, पातळ आणि शक्यतो सारखे चिरावेत. जाड-बारीक झाले तर बारीक करपतात आणि जाड कच्चे राहतात. मीठ लावून हाताने पाकळ्या मोकळ्या कराव्यात आणि दहापंधरा मिनिटे थांबावे. मिठाने कांद्यातले पाणी बाहेर येते. पीठ भिजायचे ते याच पाण्यात. वरून पाण्याचा थेंबही नको. ओवा, तिखट, हळद, कोथिंबीर घालावी आणि मग बेसन मुठीमुठीने भुरभुरावे. कांद्याला पिठाचा पातळ पदर चढला की हात थांबवावा. कांदा पिठात बुडाला तर ते गोळाभजी झाले. खेकडाभजी म्हणतात ती वेगळी. तिच्यातून कांद्याच्या काड्या खेकड्याच्या नांग्यांसारख्या बाहेर आलेल्या असतात, आणि कुरकुरीतपणा असतो तो त्या नांग्यांतच.

बेसनात दोन चमचे तांदळाचे पीठ घालावे. बेसनात प्रथिने भरपूर आणि ती पाणी धरून ठेवतात. तांदळाच्या पिठाचे कवच कोरडे आणि ठिसूळ होते. दोन लहान चमचे कडकडीत तेलाचे मोहन चालते. सोडा मात्र डब्यातच राहू द्यावा. सोड्याने भजी फुगतात, हलकी होतात आणि तेलही जास्त पितात. फुगणे आणि कुरकुरीत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणखी एक: सगळ्या कांद्याला एकदम पीठ लावून ठेवू नये. कांदा थांबत नाही, पाणी सोडतच राहतो. मग पीठ सैल होते, मग आणखी बेसन, आणि शेवटच्या घाण्याला कांद्यापेक्षा पिठलेच जास्त. दोन घाण्यांपुरतेच पीठ लावावे.

तळण्याचे शास्त्र मला माझ्या सासऱ्यांनी शिकवले. ते टर्नर होते. तीस वर्षे लेथवर काढलेली. यंत्राच्या आवाजावरून हत्यार बोथट झालेले त्यांना कळत असे. निवृत्तीनंतर ते एकदा कढईपाशी उभे राहिले आणि म्हणाले, “हिचाही आवाज ऐकायचा असतो, सूनबाई.” त्यांचे खरे होते. भजी तेलात सोडली की जोरात आवाज होतो आणि बुडबुडे उसळतात, ते कांद्यातल्या पाण्याची वाफ होत असते म्हणून. ही वाफ बाहेर पडत असते तोवर तेलाला आत शिरायला वाव कमी मिळतो. तेल पुरेसे तापलेले नसले किंवा एकाच वेळी फार भजी सोडून ते थंड केले, तर वाफेचा जोर कमी पडतो आणि भजी तेलकट होतात. तेल फार तापले तर वरून रंग येतो आणि आत पाणी तसेच राहते. अशी भजी ताटात पडेपर्यंत मऊ होतात. मध्यम आच ठेवावी. आवाज बारीक झाला, बुडबुडे ओसरले, की पाणी संपले असे समजून झारा घालावा.

पुढचा भाग फार थोड्यांना ठाऊक असतो. बरेचसे तेल भज्यांत शिरते ते कढईबाहेर आल्यावर. गार होताना आतली वाफ आटते आणि वरचे तेल आत ओढले जाते. म्हणून बाहेर काढताक्षणी भजी नीट निथळावीत आणि जाळीवर मोकळी पसरावीत. ढीग करू नये. झाकण तर मुळीच ठेवू नये, कारण झाकणाखाली कोंडलेली वाफ कवचातच परत मुरते.

आता दुसरा भाग, आणि माझ्या मते महत्त्वाचा. वर लिहिलेले सगळे नियम पाळले तरी भजी कुरकुरीत राहतात ती काही मिनिटेच. त्या मिनिटांत खाणारा समोर हवा. आमच्या गावाची अडचण नेमकी इथे आहे.

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, मग टेल्को, बजाज आणि त्यांना माल पुरवणारी शेकडो लहान वर्कशॉप्स आली. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे कारखाने चाकणकडे सरकले. हे गाव वाढले ते भोंग्यावर आणि पाळ्यांवर. एक पहिल्या पाळीला, एक दुसरीला, एखादा रात्रपाळीला. बाकीच्या जगाची सुट्टी रविवारी. आमच्याकडे कितीतरी कारखान्यांची गुरुवारी. वडिलांचा गुरुवार आणि मुलांचा रविवार यांची गाठ पडायला दिवाळी यावी लागते. अशा घरात एकाच वेळी सगळ्यांना गरम भजी द्यायची कशी?

कारखान्याने आपल्या परीने उत्तर दिले. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे कँटीन आवश्यक ठरवले, आणि कँटीनमध्ये भजी आली. पण शेकडो माणसांना अर्ध्या तासाच्या सुट्टीत वाढायचे तर ती आधीच तळून मोठ्या डब्यात झाकून ठेवणे भाग. भूक भागते, कुरकुर होत नाही. भज्यांची म्हणते मी, माणसांची होतेच! आता मोबाइलवर मागवली की भजी दारात येतात. चाकणच्या तळेगाव चौकातल्या कोंडीत बंद डब्यात वीस मिनिटे काढलेल्या भज्यांची अवस्था त्याच कोंडीत अडकलेल्या माणसासारखीच होते, घामेजलेली आणि मलूल.

राहता राहिले घर. घराने आजवर काढलेला तोडगा सोपा आहे: एका बाईने कढईपाशी उभे राहायचे आणि जो येईल त्याला गरम वाढायचे. माझ्या सासूबाईंनी हे चाळीस वर्षे केले. दीर शाळेतून आले की एक घाणा, सासरे पाळीवरून आले की दुसरा, पाहुणे आले की तिसरा. त्या स्वतः बसत तेव्हा ताटलीत शेवटच्या घाण्याची गार भजी आणि कढईत तळाशी राहिलेला चुरा असे. “मला बाई चुराच आवडतो,” असे त्या म्हणत. आपल्याकडच्या बायकांना आवडणाऱ्या पदार्थांची एक यादी करायला हवी: चुरा, खरवड, करपलेली पोळी, आंब्याची कोय. सगळ्या घरांतल्या सगळ्या बायकांची आवड इतकी तंतोतंत कशी जुळली, याचे कुणालाच नवल वाटत नाही.

सासऱ्यांनी कढईचा ताबा घेतला तो एका पावसाळी गुरुवारी. पहिला घाणा त्यांनी काढला, जाळीवर निथळला आणि ताटली सासूबाईंच्या हातात दिली. “बस आणि खा,” एवढेच म्हणाले. त्या संकोचून उभ्याच राहिल्या. मग बसल्या. एक खाल्ले, दुसरे खाल्ले. बोलल्या काहीच नाहीत. चौथ्या भज्यानंतर म्हणाल्या, “मीठ जरा कमी आहे.” त्या दिवशी चुरा कढईतच राहिला. कुणी मागितला नाही.

यावर कुणी म्हणेल, घरच्यांना गरम खाऊ घालण्यात आनंद असतो, त्याचा हिशेब कसला मांडता? आनंद असतोच, मलाही होतो. पण तो आनंद एकाच व्यक्तीच्या वाट्याला कायमचा का यावा? इतका मोठा असेल तर सगळ्यांनी वाटून घ्यावा. कुणी म्हणेल, पुरुषांना जमत नाही. ज्या हातांना मिलिमीटरचा शंभरावा भाग कळतो त्यांना कांदा सारखा चिरता येत नाही, हे या औद्योगिक पट्ट्यात तरी कुणी सांगू नये. सिंहगडावर आणि भुशी धरणाच्या वाटेवर मोठाल्या कढयांपुढे किती पुरुष उभे असतात! ती भजी आपण वाखाणून खातो.

एक व्यवहारी तोडगा शेजारच्या पिंपरी कॅम्पातही आहे. फाळणीनंतर तिथे वसलेली सिंधी कुटुंबे सन्ना पकोडा करतात. मोठे भजे आधी अर्धवट तळायचे, काढून त्याचे तुकडे करायचे आणि आयत्या वेळी ते पुन्हा कडक तळायचे. नव्याने कापलेल्या कडाही कुरकुरीत होतात आणि आयत्या वेळचे काम मिनिटांवर येते. निरनिराळ्या वेळी घरी येणाऱ्या माणसांच्या गावाला याहून सोयीचे काय असणार? आपली बटाट्याची, घोसाळ्याची भजी पातळ. त्यांना हे मानवणार नाही. कांद्याची जाडसर भजी मात्र अशी दोनदा तळून पाहण्याजोगी आहेत.

तेलाविषयी एक सूचना. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात अपायकारक घटक साठत जातात. असे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेलेले तेल खाद्यव्यवसायात वापरायला १ जुलै २०१८ पासून मनाई आहे. घरात ते मोजता येत नाही. म्हणून तळणीचे तेल गाळून एकदोन दिवसांत फोडणीला संपवावे, पुन्हा तळायला घेऊ नये. तेल थोडेच घ्यावे, लहान कढई घ्यावी. घाणे जास्त होतील, पण उभे राहणारे हातही आता जास्त असणार आहेत.

कारण माझे म्हणणे एवढेच आहे: कारखान्यात जशा पाळ्या लागतात तशा कढईलाही लावाव्यात. एकाने चिरायचे, दुसऱ्याने पहिले दोन घाणे काढायचे, तिसऱ्याने पुढचे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला मोठ्यांनी शेजारी उभे राहून झारा धरू द्यावा. आणि नियम एकच: जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते, पहिला घाणा तिचा. तिने तो बसून खायचा, मीठ कमी असले तर तसे सांगायचे, आणि मध्येच उठून “थांब, मी करते” म्हणायचे नाही. हा शेवटचा भाग पाळायला सर्वांत अवघड जातो, हे मी स्वतःवरून सांगते.

आणि हो, भजी निथळायला हे पान घेऊ नका. छपाईची शाई अन्नाला लागू नये म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. पुरवणी घडी करून बाजूला ठेवा, जाळी काढा आणि आज कांदा कोण चिरणार ते आधी ठरवा.