तार आणि दोरी

संसारांत सुखसोयी वाढाव्यात ही इच्छा गैर नाहीं. परंतु त्या साऱ्या एकाच खुंटीला टांगलेल्या असूं नयेत, एवढेंच या महिन्यांत आम्हांस वाचकांपुढें मांडावयाचें आहे. ग्रीष्म सरत आला आणि मृग तोंडावर आला, म्हणजे आपल्याकडे वादळवाऱ्याचे दिवस येतात. अशा वेळीं दिवा जातो एवढीच अडचण आपणांस दिसते. वास्तविक दिव्याबरोबर पाणी जातें, दूरध्वनि जातो, आणि घरांत किती जणांना हातानें काय करतां येतें, याची परीक्षा सुरू होते.

३ जून २०२० रोजीं, ज्येष्ठ शुद्ध द्वादशीस, ‘निसर्ग’ हें चक्रीवादळ दुपारच्या सुमारास रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळलें. वाऱ्याची गति ताशीं १०० किलोमीटरांहून अधिक होती. आमचें घर श्रीवर्धन तालुक्यांत, नारळी-पोफळींच्या वाडींत आहे. त्या वर्षींच्या टाळेबंदीमुळें मुंबईचीं मुलेंबाळेंही घरीं आलेलीं, त्यामुळें पानावर चौदा माणसें होतीं. वीज सकाळींच गेली. पुढें कौलें उडूं लागलीं, तेव्हां सर्वांस माजघरांत बसविलें. बाहेर पोफळी कडाकड मोडत होत्या. पोफळ लावल्यापासून फळ धरण्यास सहा-सात वर्षें लागतात. त्यामुळें तो एकेक आवाज म्हणजे पुढील कित्येक वर्षांचें उत्पन्न जात असल्याची वर्दीच होती.

मध्येंच वारा पडला. मुलें हर्षानें दाराकडे धांवलीं. परंतु आमच्या थोरल्या बंधूंनीं अडसर काढूं दिला नाहीं. चक्रीवादळ हें भोंवऱ्यासारखें फिरत पुढें सरकतें. त्याचा मध्य डोक्यावर येतो तेव्हां कांहीं काळ शांतता भासते, आणि मध्य पुढें जातांच वारा उलट दिशेनें उठतो. अशा फसव्या शांततेंत कौलें पाहावयास बाहेर पडलेला मनुष्य जिवास मुकतो. अर्ध्या तासांत वारा पुन्हा उठला, तेव्हां मुलांना हा धडा निराळा सांगावा लागला नाहीं.

सायंकाळीं दार उघडलें तों अंगणांत विजेची तार पडलेली. वीज तर सकाळींच गेली आहे, असें म्हणून एक नातू ती उचलावयास निघाला होता. त्यास तत्काळ मागें ओढावें लागलें. वाचकहो, पडलेली तार निर्जीव आहे असें कोणीं कधींही धरून चालूं नये. दूर कोणाच्या घरीं जनित्र चालू असल्यास त्याचा प्रवाह उलट त्याच तारेंत येऊं शकतो.

खरी अडचण दुसऱ्या दिवशीं उभी राहिली. विहिरींत पुरुषभर पाणी, आणि घरांत कळशी कोरडी! बहुतेक वाड्यांप्रमाणें येथेंही पंप आला आणि रहाट गेला; आतां पंपही मुका झालेला. तेव्हां आमच्या मातोश्रींनीं, वय वर्षें शहाऐंशी, माळ्यावरून पोहरा आणि काथ्याचा दोर काढावयास सांगितला. विहिरीच्या कांठापासून दूर खुर्चीवर बसून त्यांनीं पणतवाला गांठ मारावयास शिकविली. “बाळ, दोर मनगटाला गुंडाळूं नकोस. पोहरा भरला कीं हातासकट ओढील. हात बदलीत ये, आणि पाय अगोदर घट्ट रोव.” त्या दिवसापासून शेजारच्या दोन घरांचें पाणीही त्याच दोरानें भरलें गेलें. ५ जूनला वटपौर्णिमा होती. वाटेवरचा वड आडवा झालेला. सुनांनीं त्याच्या जमिनींत राहिलेल्या मुळांनाच सूत गुंडाळून पूजा केली.

आमच्या वाडींत वीज यावयास तीन आठवडे लागले. परजिल्ह्यांतून आलेले कामगार भर पावसांत चिखलांतून खांब ओढीत होते. त्यांस चहा देतांना सर्वांचीच मान लवली. विजेचा द्वेष करण्याचें आम्हांस कांहींच कारण नाहीं. रात्रीं पुस्तक वाचतां येतें तें तिच्याचमुळें. आमचें म्हणणें इतकेंच, कीं पाणी, प्रकाश आणि औषध या तिहींसाठीं तारेवांचून चालणारी एकेक वाट प्रत्येक घरीं असावी: पोहरा-दोर, तेल घातलेली समई आणि वातींची जुडी, नित्याच्या औषधांचा पंधरा दिवसांचा साठा, आणि महत्त्वाचे दूरध्वनि क्रमांक कागदावर लिहिलेले.

तथापि वस्तु असून भागत नाहीं. त्या चालविण्याची विद्या एकट्या वृद्धांपाशीं राहिली, तर ती त्यांच्याबरोबरच जाईल. तेव्हां मृग लागण्यापूर्वीं दोर उन्हांत घालून तपासावा, आणि विहिरीचें पहिलें पाणी वडील माणसानें जवळ उभें राहून घरांतील तरुण हातांकडून काढवावें.