आरसा खोटे बोलतो काय?



लख्ख घासलेला चमचा हाती घ्यावा आणि त्याच्या खोलगट बाजूत आपला चेहरा पाहावा. तो उलटा दिसतो. हनुवटी वर आणि कपाळ खाली. चमच्याची फुगीर पाठ समोर धरली, की तोच चेहरा सरळ, परंतु लहान दिसू लागतो. मुले हे पाहून हसतात आणि त्यांपैकी एखादे विचारते, "असे का होते?" वडीलधाऱ्यांनी हा प्रश्न टाळू नये. त्याचे उत्तर ज्यास कळले, तो रस्त्यावरही अधिक सावधपणे वागेल.

प्रकाशाचा किरण आरशावर ज्या कोनात येतो, त्याच कोनात परत फिरतो. आरसा सपाट असो वा वक्र, हा नियम मोडत नाही. मात्र वक्र आरशाचा प्रत्येक भाग निराळ्या दिशेस तोंड करून असतो. म्हणून त्यावरून परतणारे किरण एक तर एकवटतात, नाही तर फाकतात.

खोलगट, म्हणजे अंतर्गोल आरशावर दुरून आलेले किरण परतताना ज्या बिंदूपाशी एकवटतात, त्यास नाभी म्हणतात. आरसा ज्या गोलाचा तुकडा असेल, त्याच्या त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर ती असते. वस्तू नाभीच्या पलीकडे असली, तर तिची प्रतिमा उलटी पडते व ती कागदावर धरताही येते. वस्तू नाभीच्या आत आणली, तर प्रतिमा सरळ, मोठी आणि आरशामागे असल्यासारखी भासते. चमच्याची नाभी त्याच्या अगदी जवळ असल्याने चेहरा तिच्या बाहेर राहतो व उलटा दिसतो. दाढीच्या खोलगट आरशाची नाभी बरीच दूर असते. म्हणून त्यात गाल सरळ व मोठा दिसतो. अशाच आरशाने दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश एकवटून आयझॅक न्यूटन यांनी १६६८ साली आपली दुर्बीण रचली.

फुगीर, म्हणजे बहिर्गोल आरशाची रीत याहून वेगळी. त्यावरून किरण फाकत जातात. वस्तू कोठेही ठेवली, तरी तिची प्रतिमा सरळ, लहान व आरशामागेच दिसते. प्रतिमा लहान असल्याने तेवढ्याच आरशात पुष्कळ मोठा परिसर मावतो. याच गुणामुळे घाटातील वळणांवर आणि वाहनांच्या बाजूस असे आरसे बसवितात.

परंतु येथेच डोळ्याची फसगत होते. एक हिशेब करून पाहू. आरशाची त्रिज्या २ मीटर, म्हणजे नाभी १ मीटरवर आहे असे धरा. मागे ९ मीटरवर ३ मीटर उंचीची मालमोटार आहे. तिची प्रतिमा एकदशांश, म्हणजे केवळ ३० सेंटिमीटर उंचीची होते आणि ती आरशामागे ९० सेंटिमीटरवर असते. चालकाचा डोळा आरशापासून १ मीटरवर असेल, तर ही प्रतिमा त्यास १९ मीटरवरील मालमोटारीएवढी लहान दिसते. सपाट आरशात हीच मालमोटार १० मीटरवर असल्यासारखी दिसली असती. आकारावरून अंतर जोखण्याची सवय असलेला मनुष्य म्हणतो, "अजून पुष्कळ जागा आहे," आणि वळतो. मागचे वाहन आपल्यापेक्षा ताशी ३६ किलोमीटर अधिक वेगाने येत असेल, तर ९ मीटर अंतर तोडण्यास त्यास एक सेकंदही लागत नाही.

पुष्कळ वाहनांच्या आरशांवर इंग्रजीत एक बारीक ओळ छापलेली असते. वस्तू आरशात दिसते त्याहून जवळ आहे, असा तिचा अर्थ. ज्या घरात कोणी दुचाकी वा मोटार चालवितो, त्या घरी ही ओळ सर्वांस समजावून सांगावी. मोटारीच्या आतील आरसा बहुधा सपाट असतो. त्यावरून अंतराचा अदमास घ्यावा. दुचाकीस्वाराने वळण्यापूर्वी खांद्यावरून एकवार मागे पाहावे. बाजूच्या आरशात कोणी आहे की नाही, एवढेच पाहावे. ते किती दूर आहे, हे त्यास विचारू नये.