चाकांचे धनुष्य

धनुष्याला चाके कशासाठी, असा प्रश्न कंपाउंड धनुष्य प्रथमच पाहणाऱ्याला हटकून पडतो. १९६९ साली अमेरिकेतील हॉलेस अॅलन यांना या रचनेचे पेटंट मिळाले. दोन्ही टोकांवरील विकेंद्री चाके फिरली, की ६० पौंडांचा ताण पूर्ण ओढीअखेर १२ ते १५ पौंडांवर उतरतो आणि नेम स्थिरपणे धरता येतो. मग यात माणसाचे कसब ते काय उरले, असे साध्या धनुष्याचे अभिमानी विचारतात!

नवशिके धनुर्धर बाणाचा वेग विचारतात. मुरलेले मात्र मूठ आणि प्रत्यंचा यांतील अंतर आधी पाहतात. हे अंतर कमी असले, की बाण वेगाने सुटतो खरा. परंतु तो प्रत्यंचेवर अधिक काळ राहत असल्याने हाताचा किंचित कंपही त्याच्यात उतरतो. म्हणूनच स्पर्धेसाठी बहुतेक जण लांब, काहीसे संथ धनुष्य पसंत करतात.

कसबाविषयी म्हणाल, तर २०२३ च्या बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळे यांनी अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मिळवले. पोलंडच्या प्रतिस्पर्ध्याचे धनुष्यही चाकांचेच होते. त्याचे गुण झाले १४९.