गोंदण चालेल, बिल्ला चालणार नाही

अमेरिकेतील डिस्ने कंपनीने १३ एप्रिल २०२१ रोजी आपल्या मनोरंजन उद्यानांतील नोकरवर्गावर एक मेहेरबानी केली. केस कसे राखावेत, नखे किती वाढवावीत, अंगावर कोणते दागिने असावेत, स्त्रियांसाठी शिवलेला गणवेश कोणी घालावा आणि पुरुषांसाठी शिवलेला कोणी, याविषयीचे जुने कडक नियम सैल करण्यात आले. अंगावरचे गोंदण झाकून ठेवण्याची सक्तीही उरली नाही. मात्र ते चेहरा, डोके वा मान यांवर नसावे आणि आकाराने हाताच्या पंजापेक्षा मोठे नसावे, ही अट राहिलीच. सुरक्षितता, सौजन्य, देखावा आणि कार्यक्षमता या कंपनीच्या चार जुन्या सूत्रांत 'सर्वसमावेशकता' हे पाचवे सूत्र घालण्यात आले. उद्यान विभागाचे तेव्हाचे प्रमुख जॉश डामारो यांनी ही घोषणा करताच तेथील उदारमतवाद्यांनी तिचे स्वागत केले, आणि सनातन्यांनी नाके मुरडली. या गोंगाटात एक साधा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. हे नियम मुळात होते कशासाठी, आणि ते सैल झाले तेव्हा कामगाराच्या हाती नेमके काय पडले?

डिस्नेलँड हे पहिले उद्यान कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी उघडले. तेथील व्यवस्थापनाच्या भाषेत 'कामगार' हा शब्दच नाही. झाडू मारणारा, खाद्यपदार्थ विकणारी, पाळण्याचा खटका ओढणारा, हे सगळे 'नटसंचाचे सदस्य'. त्यांचा गणवेश म्हणजे 'वेशभूषा', गिऱ्हाईक म्हणजे 'पाहुणा', आणि कामाची जागा म्हणजे 'रंगमंच'. हा केवळ शब्दांचा खेळ आहे असे समजणे चूक ठरेल. कामगाराला एकदा नट म्हटले, की त्याचे केस, दाढी, नखे आणि हसू यांपैकी काहीही त्याचे उरत नाही; ते सारे भूमिकेचे होते आणि भूमिका मालकाची. मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट मिशा उतरवीत, हे खरे. परंतु त्यांना नटाचा मान मिळे आणि टाळ्याही मिळत. अनाहाइमच्या झाडूवाल्याला नटाची शिस्त लागू, पगार मात्र झाडूवाल्याचा, असा हा प्रकार होता. संस्थापक वॉल्ट डिस्ने स्वतः मिशा बाळगून होता, आणि त्याच्या उद्यानातील नोकरांना मिशी ठेवण्याची मुभा मिळाली ती २०००मध्ये! बायकांना झग्याखाली पायमोजे घालण्याच्या सक्तीतून २०१०मध्ये सूट मिळाली. दाढी २०१२मध्ये मान्य झाली, तीही पाव इंचापलीकडे जाता कामा नये या बोलीवर.

या शिस्तीमागे सौंदर्यदृष्टीपेक्षा भीतीच अधिक होती. लांब केसांचे तरुण गिऱ्हाईक म्हणून आले तरी त्यांना फाटकावरून परतवण्याचे प्रकार तेथे घडत. ऑगस्ट १९७०मध्ये 'यिप्पी' म्हणविणारे काही शेकडा बंडखोर तरुण आत शिरले, तेव्हा उद्यान वेळेआधी बंद करावे लागले. गुळगुळीत दाढीचा, आखूड केसांचा, सदा हसतमुख नोकर ही मध्यमवर्गीय गोऱ्या अमेरिकेला दिलेली हमी होती. बाहेर व्हिएतनाम युद्धावरून आणि वर्णद्वेषावरून देश पेटलेला असो, आत तसले काही दिसणार नाही, अशी ही हमी. गोऱ्या मध्यमवर्गाच्या चेहऱ्याला 'नीटनेटका' हे नाव देऊन इतर सर्व चेहऱ्यांना अव्यवस्थित ठरविण्याचा हा व्यवहार होता.

म्हणूनच नियम सैल होण्याचे श्रेय व्यवस्थापनाच्या हृदयपरिवर्तनाला देणे हा इतिहासाचा अपलाप होईल. फ्लोरिडातील उद्यानात एका शीख टपालवाटपी कामगाराला, पगडी व दाढी 'वेशभूषेत' बसत नाही म्हणून, पाहुण्यांच्या नजरेआडच्या एकाच वाटेवर वर्षानुवर्षे ठेवण्यात आले. 'अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन' आणि 'सिख कोअलिशन' या संस्था पाठीशी उभ्या राहिल्या, तेव्हा २०१५मध्ये कंपनीने माघार घेतली. कॅलिफोर्नियातील कंपनीच्या हॉटेलात काम करणाऱ्या एका मोरोक्कन स्त्रीला २०१०मध्ये असेच सांगण्यात आले, की हिजाब हवा असेल तर मागच्या बाजूला काम कर, नाहीतर त्यावर आम्ही देऊ ती टोपी घाल. तिला न्यायालयात जावे लागले.

परंतु या सगळ्यांत बोलके प्रकरण आहे ते अंतर्वस्त्रांचे. फ्लोरिडात मिकी, गूफी इत्यादींचे अवजड पोशाख चढवून दिवसभर उन्हात नाचणाऱ्या कामगारांना त्या पोशाखाआड घालावयाची अंतर्वस्त्रेही कंपनीच देत असे. पाळी संपली की ती परत करावयाची, आणि दुसऱ्या दिवशी ढिगातून मिळतील ती घालावयाची. ती नीट धुतलेली नसतात, त्यांतून उवा व खरूज यांचा संसर्ग होतो, अशा तक्रारी कामगार करीत होते. टीमस्टर्स संघटनेने हा मुद्दा वाटाघाटीच्या मेजावर मांडला. प्रत्येकाला स्वतःची स्वतंत्र अंतर्वस्त्रे मिळतील आणि ती घरी नेऊन धुता येतील, एवढी गोष्ट २००१च्या करारात मान्य झाली. वर्तमानपत्रांनी ही बातमी विनोद म्हणून छापली. एकविसाव्या शतकात, जगातील सर्वांत श्रीमंत देशात, कामगाराला दुसऱ्याने घातलेली चड्डी घालावी लागू नये यासाठी सामूहिक करार करावा लागतो, यात हसण्यासारखे काय होते? 'देखावा' या सूत्राची पोच कोठवर होती, हे मात्र त्या बातमीवरून कळते.

२०२१च्या घोषणेची वेळही पाहावी. महामारीमुळे डिस्नेलँड मार्च २०२०पासून बंद होते. सप्टेंबर २०२०मध्ये कंपनीने उद्यानांशी संबंधित २८,००० नोकरांना काढून टाकण्याची घोषणा केली. ती करणारे गृहस्थही डामारोच. उद्यान पुन्हा उघडले ३० एप्रिल २०२१ रोजी, म्हणजे गोंदणाच्या सवलतीनंतर अवघ्या सतरा दिवसांनी. अमेरिकेत त्या वर्षी हॉटेले आणि उपाहारगृहे यांना माणसे मिळेनाशी झाली होती. ज्या पिढीतून ही माणसे मिळवावयाची, तिच्या अंगावर गोंदण असणे ही सामान्य बाब झाली होती. वेतन वाढविण्यापेक्षा गोंदण मान्य करणे मालकाला केव्हाही स्वस्त पडते. २०१८मध्ये तेथील कामगार संघटनांच्या पुढाकाराने डिस्नेलँडच्या सुमारे ५,००० कामगारांची पाहणी झाली होती. जवळजवळ तीनचतुर्थांश कामगारांनी पगारात महिन्याचा मूलभूत खर्च भागत नाही असे सांगितले, आणि दहांतील एकाहून अधिक जण आधीच्या दोन वर्षांत केव्हा ना केव्हा बेघर झाले होते. त्याच वर्षी अनाहाइमच्या मतदारांनी किमान वेतनाचा स्थानिक कायदा मंजूर केला. तो आपल्याला लागू नाही, असा कंपनीचा दावा होता. कोर्टकचेरीची काही वर्षे उलटून ती हरली, आणि डिसेंबर २०२४मध्ये २३ कोटी ३० लाख डॉलर देण्यास तयार झाली.

येथे काही साथी विचारतील, की मग खरा प्रश्न वेतनाचाच नव्हे काय? केस, नखे, गोंदण ही चैनीची दुखणी समाजवादी कार्यकर्त्याने का मनावर घ्यावीत? हा आक्षेप महाराष्ट्रात तरी टिकू नये. महाड येथे डिसेंबर १९२७मध्ये डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना, जातीची खूण पटवून देणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि ते विशिष्ट दागिने टाकून द्या, असे सांगितले. तेव्हा ते काही चैनीच्या गोष्टी बोलत नव्हते. कोणी कोणासमोर कसे दिसावे हे ठरविण्याचा अधिकार हा नेहमीच सत्तेचा अधिकार असतो. सेवाव्यवसायात तर मालक श्रमशक्तीबरोबर चेहरा आणि मुद्राही विकत घेतो, आणि त्यांची किंमत वेतनात धरीत नाही. एअर इंडियाच्या हवाईसुंदरींना पहिल्या गर्भारपणाबरोबर नोकरी गमवावी लागे. तो नियम रद्द होण्यासाठी १९८१मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, आणि त्याच निकालाने नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र वैध ठरविली. वेतनाचा लढा आणि शरीरावरील हक्काचा लढा यांची फारकत मालक कधी करीत नाही. ती कार्यकर्तेच करीत बसतात.

तेव्हा २०२१ची सवलत नाकारण्याचे कारण नाही. तिचे स्वरूप मात्र नीट ओळखले पाहिजे. ती परवानगी आहे, हक्क नव्हे. हा भेद फ्रेंच कामगारांनी अधिक स्पष्टपणे जाणला होता. पॅरिसजवळचे डिस्ने उद्यान एप्रिल १९९२मध्ये उघडले, त्या सुमारास केस, दागिने, रंगभूषा आणि अंतर्वस्त्रे यांविषयीची नियमावली पाहून तेथील संघटनांनी गहजब केला. त्यांचे म्हणणे असे नव्हते की नियम थोडे सैल करा. असले नियम करण्याचा अधिकार मालकाला कोणी दिला, असा त्यांचा सवाल होता. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरच्या कायद्याने फ्रान्सच्या कामगार संहितेत तत्त्वच घातले गेले, की कामाच्या स्वरूपामुळे समर्थनीय नसलेले आणि उद्दिष्टाच्या प्रमाणात नसलेले कोणतेही बंधन व्यक्तीच्या हक्कांवर घालता येणार नाही. येथे समर्थन देण्याची जबाबदारी मालकावर येते. अमेरिकेत ती कामगारावर राहिली, आणि त्याचा अनुभव तीन वर्षांतच आला.

२०२४च्या उन्हाळ्यात डिस्नेलँडच्या १४,००० कामगारांच्या वतीने चार संघटना वेतनकरारासाठी वाटाघाटी करीत होत्या. कामगारांनी गणवेशावर एक बिल्ला लावण्यास सुरुवात केली. पांढरा हातमोजा घातलेली मिकी माऊसची वळलेली मूठ, एवढेच त्यावर चित्र. 'सर्वसमावेशकता' या पाचव्या सूत्रात ही मूठ बसली नाही. बिल्ला लावणाऱ्या ६७५हून अधिक कामगारांवर शिस्तीचा बडगा उगारला गेला, त्यांना धाकदपटशा दाखविण्यात आला आणि त्यांच्यावर पाळत ठेवण्यात आली, अशी तक्रार संघटनांनी राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाकडे जून २०२४मध्ये केली. कंपनीने बोट दाखविले ते पुन्हा वेशभूषेच्या नियमाकडेच. वास्तविक कामाच्या जागी संघटनेचा बिल्ला लावणे हा कामगाराचा हक्क आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'रिपब्लिक एव्हिएशन' या विमान कारखान्याच्या प्रकरणात १९४५मध्येच सांगितले होते. फक्त 'विशेष परिस्थिती'चा अपवाद तेवढा ठेवला होता. 'आमचा देखावा बिघडतो' ही त्या अपवादात शिरण्याची मालकांची आवडती वाट आहे.

म्हणजे दंडावर स्वतःच्या मर्जीचे गोंदण असलेला कामगार मालकाला चालतो, छातीवर संघटनेची खूण लावलेला चालत नाही. पहिल्यामुळे नोकर एकेकटाच वेगळा दिसतो. दुसरी खूण पाहिली की तो किती जणांबरोबर उभा आहे, हे कळते. कामगारांना हे कळले होते. मे २०२४मध्ये तेथील पात्रांचे पोशाख घालणाऱ्यांनी व मिरवणुकीतील कलावंतांनी ९५३ विरुद्ध २५८ मतांनी 'अॅक्टर्स इक्विटी' या नटांच्या संघटनेत जाण्याचा कौल दिला. इतकी वर्षे कंपनी त्यांना नट म्हणत होती. त्यांनी ते एकदा गंभीरपणे घेतले, इतकेच. जुलैमध्ये चार संघटनांच्या सभासदांनी प्रचंड बहुमताने संपाला मंजुरी दिली, आणि त्या महिन्याच्या अखेरीस तासाला २४ डॉलर या किमान दराचा करार पदरात पाडून घेतला. संप करावा लागला नाही.

भारतात मॉल, हॉटेले, पाणीउद्याने आणि विमानतळ यांतून लाखो तरुण-तरुणी अशाच नियमांखाली राबत आहेत. १९४६च्या स्थायी आदेश कायद्यानुसार शिस्तीचे नियम प्रमाणित करून घ्यावे लागत, आणि त्या वेळी कामगारांना आक्षेप घेण्याची संधी असे. १०० कामगारांच्या आस्थापनांना तो कायदा लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा ३००वर नेली आहे. तीनशेच्या आतील दुकानात दाढी किती असावी, टिकली असावी की नसावी, आणि खिशाला कोणता बिल्ला असावा, हे आता व्यवस्थापकाचे परिपत्रक ठरवील. या क्षेत्रात संघटना बांधणाऱ्या कार्यकर्त्यांनी पुढचे मागणीपत्र तयार करताना वेतन व महागाईभत्त्याच्या कलमांबरोबर गणवेशाचे कलमही लिहावे, आणि बिल्ल्याचा हक्क त्यात स्पष्ट शब्दांत नोंदवावा.