बांध कुणी राखायचा?

गोमंतकातील गावकरीला पोर्तुगीज अमदानीत 'कोमुनिदाद' हे नाव मिळाले. समुदाय हाच त्या शब्दाचा अर्थ. आज नव्या तऱ्हेचे समुदाय प्रत्येकाच्या खिशातील मोबाईलवर नांदत आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर गावाचा गट आहे, देवस्थानच्या महाजनांचा आहे, शाळासोबत्यांचा आहे. मुंबईत वा आखातात असलेल्यास गावच्या जत्रेची, शिमग्याची, कुणाच्या निधनाची वार्ता घटकेत कळते. या सोयीला नाक मुरडण्याचे आम्हांला काहीच कारण दिसत नाही.

परंतु एका गटात एक हजार चोवीस माणसे सामावतात म्हणून त्यांचा समाज होतो काय? गावकरीत केवळ नाव असून भागत नसे. खाजनाचा बांध राखणे, मानशीच्या दारांवर लक्ष ठेवणे, हे गावाचे सामाईक कर्तव्य होते. बांधाला भगदाड पडले की खारे पाणी दोषी माणसाचेच शेत शोधत जात नाही. साऱ्या खाजनाचे पीक नासते. त्या व्यवस्थेतही दोष होते. गावकर घराण्यांतील पुरुषांपुरताच तिचा अधिकार असे. नव्या गटात स्त्रियांना व इतरांनाही स्थान आहे, हे त्यांचे मोठेच श्रेय. उणीव आहे ती जबाबदारीची.

तिचे मोल किती भयंकर असते, हे १ जुलै २०१८ रोजी दिसले. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेने खवळलेल्या जमावाने भटक्या जमातीच्या पाच निरपराध माणसांना ठार मारले. अशा अफवा त्या काळात मोबाईलवरूनच फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात कोणताही संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल, अशी मर्यादा घातली. यंत्राने दार अर्धे मिटले. उरलेले मिटणे माणसाच्याच हाती आहे.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असा निर्वाळा दिला की, संगनमत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल गटप्रमुखाला गुन्हेगार धरता येणार नाही. हा निर्णय न्याय्यच आहे. पण कायद्याने मोकळा झालेला मनुष्य नीतीनेही मोकळा होतो, असे कोण म्हणेल?

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, गट स्थापणाऱ्यांनी त्याचे प्रयोजन आधी ठरवावे. न पडताळलेली वार्ता, परधर्मीयांची निंदा यांना तेथे थारा देऊ नये. वर्गणी गोळा केली तर तिचा हिशेब सर्वांसमोर मांडावा. आणि अधूनमधून देवळाच्या सभामंडपात वा पंचायतीच्या घरात समक्ष भेटावे. शेजाऱ्याच्या तोंडावर जे बोलण्यास जीभ धजत नाही, ते गटातही लिहू नये. एवढे पथ्य पाळणाऱ्या गटालाच आम्ही समुदाय म्हणू.